टँगोत एकदाच विचारतात

कामठी

लोक परदेशात जाऊन येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. मी दिवाळीनंतर होळीपर्यंत दर रविवारी कामठीहून मनीषनगरला जात होते, आणि माझी खात्री आहे की त्यांच्यापेक्षा मीच जास्त लांब जाऊन आले. त्यांना निदान विमानात जेवण तरी मिळतं. मला शेअर ऑटोत ड्रायव्हरशेजारी अर्धी सीट मिळायची, पुढे मेट्रो, आणि मेट्रोतून उतरलं की दुसऱ्या ऑटोवाल्याशी भांडण. त्या वाटेचं वर्णन मी करणार नाही. ज्याने कामठी रोड पाहिलाय त्याला ते सांगायला नको, आणि ज्याने पाहिला नाही त्याची कंबर शाबूत आहे, ती तशीच राहू दे.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेज सीताबर्डीजवळ. टँगोचं खूळ माझं नव्हतं, माझ्या वर्गातल्या मयूरचं होतं. मनीषनगरात एक क्लास निघालाय, असं त्याने मोबाईलवर पाहिलं. तिथे एकट्याला घेत नव्हते, जोडीच लागायची. मयूरने वर्गातल्या सगळ्या मुलींना विचारून झाल्यावर मला विचारलं, आणि हे त्याने लपवलंही नाही.

"चल ना यार स्नेहल. अर्जेंटिनाचा डान्स आहे. इम्प्रेशन पडते."

"कोणावर?"

"ते नंतर पाहू."

मी हो म्हणाले, कारण त्या आठवड्यात मला रविवारचं घरात थांबायचं नव्हतं. वर्ध्याच्या मोठ्या मावशीने माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं. मुलगा यवतमाळचा, बँकेत नोकरी, निर्व्यसनी, स्वतःचा प्लॉट. मावशी हे सगळं एका दमात म्हणायची, आणि प्लॉट म्हणताना आवाज चढायचा. मी सरळ सांगितलं, मला नको. मला पुढे शिकायचं आहे.

आता आमच्याकडच्या 'नको'बद्दल चार शब्द सांगायला हवेत, कारण पुढचा सगळा प्रवास त्यावरच आहे. आमच्या घरात नको म्हणायला पूर्ण मोकळीक आहे. ते ऐकायची मात्र पद्धत नाही. कोणाकडे गेलात आणि घरच्या बाईने पोहे पुढे केले, की तुम्ही नको म्हणायचं. ती म्हणणार, असं कसं. तुम्ही पुन्हा नको, खरंच नको. ती म्हणणार, आमच्या घरचं चालत नाही का. मग तुम्ही म्हणायचं, बरं, थोडेसे द्या. मग ती बशीभर देणार आणि तुम्ही ते सगळे खाणार, कारण तुम्हाला पहिल्यापासूनच भूक लागलेली असते. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस हावरट, आणि पहिल्या नकोवर थांबणारी बाई कवडीचुंबक. मी बोलायला लागले तेव्हापासून हे शिकलेय.

त्यामुळे स्थळाला मी नको म्हणाले तेव्हा मावशीला आनंदच झाला. फोनवरून तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. "अवं, पोरी पहिल्यांदा नाहीच म्हणतात. मी पण म्हणली होती." मावशीचे यजमान ज्यांनी पाहिलेत त्यांना वाटेल की तिने दुसऱ्यांदाही म्हणायला पाहिजे होतं, पण ते असो.

माझी आई इथल्याच एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. वाद तिला आवडत नाहीत, तोडगा आवडतो. तिने टँगो आणि यवतमाळ एकाच गाठोड्यात बांधलं.

"काय असते हे टँगो?"

मी खरं सांगितलं. "एका माणसाच्या मिठीत राहून चालायचं असतं." हे जरा वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं, असं मला तिच्या चेहऱ्याकडे पाहून वाटलं.

"चालाले क्लास कायले पायजे?" ती म्हणाली. मग थोडा वेळ पोळ्या लाटत राहिली. "जा. होळीपर्यंत जा. तुमचा तो शेवटचा प्रोग्राम झाला की दुसऱ्या दिवशी मी ताईले फोन करतो, की घेऊन ये पोराले. मंग नाटकं नाही करायची."

"मी नको म्हटलंय, आई."

"हौ, ऐकलं ना मी," आई म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली. ती पण मी नको म्हटली होती.

मनीषनगर

ज्यांनी मनीषनगर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथली माणसं कुत्र्याशी इंग्रजीत बोलतात, कामवाल्या बाईशी हिंदीत आणि मराठीत फक्त भांडतात. कामठीत आमच्या गल्लीत पॉवरलूम चालतात, त्यामुळे आम्हाला ओरडून बोलायची सवय. तिथे मी पहिल्या दिवशी ऑटोवाल्याला नेहमीच्या आवाजात "थांबा!" म्हणाले तर दोन बाल्कन्यांतून माणसं बाहेर आली. तर्री पोहे तिथेही मिळतात. गाडीवाला विचारतो, "तिखट कमी करू का?" मी इतकी वर्षं पोहे खातेय, माझा असा अपमान कोणी विचारून केला नव्हता.

क्लास एका दाताच्या दवाखान्याच्या वर होता. त्या हॉलमध्ये सकाळी झुंबा, दुपारी भिशी आणि संध्याकाळी आम्ही. शिकवायला रोहित सर. कंपनीने त्यांना बाहेरदेशी पाठवलं होतं, तिथून ते टँगो शिकून आले. आल्यावर नोकरी तीच राहिली, चाल बदलली. ते पाण्याची बाटली घ्यायला गेले तरी असे जायचे की वाटावं आता काहीतरी होणार.

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "टँगो म्हणजे फक्त चालणं. चला, चाला." आणि तासभर आम्ही हॉलमध्ये चाललो. बस, चाललो. भिंत आली की वळलो. आईचा प्रश्न मला फार खोल वाटायला लागला.

क्लासमध्ये बाकी सगळी लग्न झालेली जोडपी होती, मनीषनगरची नाहीतर बेसाची. त्यांचे म्होरके म्हणजे बेसाचे पांढरीपांडे काका-काकू. काका रिटायर झाल्यावर घरात बसून काकूंच्या फोडणीत चुका काढायला लागले, म्हणून काकूंनी त्यांना इथे आणलं होतं. सर दर पंधरा मिनिटांनी टाळी वाजवायचे, "पार्टनर बदला!" आणि कोणीही बदलायचं नाही. एकाचा गुडघा दुखायचा. एक म्हणायची, आम्ही आमच्यातच बरे. पांढरीपांडे काकू तर काकांचा शर्ट मागून धरूनच ठेवायच्या. मिठीचा नाच शिकायला पैसे भरून आलेली ही मंडळी, आपल्याच नवऱ्याला दोन हात लांबून धरत होती आणि दुसरीच्या नवऱ्याकडे बघतही नव्हती.

म्हणजे मला होळीपर्यंत मयूरच. मयूरने मला कसं धरलं होतं ते सांगते. घरात गॅसचं सिलिंडर आलं की पोट्टे ते अंगाला लागू न देता आत नेतात ना, तसं. आणि प्रत्येक पावलाला विचारायचा.

"चालन का हे?"

"चाल रे."

"सॉरी. लागलं का?"

"तू अजून पाय टाकलाच नाहीस!"

"अॅडव्हान्समध्ये म्हणून राहिलो."

खरं सांगायचं तर मी तिसऱ्या रविवारीच सोडून देणार होते. पण त्या दिवशी मयूरचं चुकतंय ते दाखवायला रोहित सरांनी मला अर्ध्या गाण्यापुरतं नाचायला घेतलं. दोन पावलं टाकली आणि ते थांबले. गाणं चालू, आम्ही उभे. मला वाटलं विसरले. मग कळलं, माझ्या उजव्या पायावरचं वजन अजून डाव्यावर गेलेलं नव्हतं, आणि ते जाईपर्यंत ते पुढचं पाऊल टाकणार नव्हते. घाई नाही, ढकलणं नाही. मी पाय नीट ठेवला, तेव्हाच पुढे गेले. एवढंच झालं. पण घरी येताना मेट्रोत मी खिडकीकडे तोंड करून बसले, कारण मला रडू येत होतं आणि का येतंय ते समजत नव्हतं. माझ्या उत्तरासाठी कोणी थांबलंय, असं मला आठवतच नव्हतं. आमच्याकडे प्रश्न विचारतानाच उत्तर ताटात वाढलेलं असतं.

तेव्हापासून एक अख्खा नाच असा नाचायचा, असं मी मनात धरलं. मयूरबरोबर ते होणं नव्हतं. पण शेवटच्या रविवारी बेसाला कार्यक्रम होता. नाचाच्या अशा संध्याकाळीला मिलोंगा म्हणतात. त्यासाठी पुण्याहून आदित्य सर येणार होते, रोहित सरांचेही गुरू.

त्या मिलोंगासाठी सरांनी आम्हाला एक नियम शिकवला. तिथे तोंडाने विचारायचं नाही. पुरुषाने लांबून बाईकडे बघायचं. तिला नाचायचं असेल तर तिने नजर द्यायची, मान हलवायची. नसेल तर नाही म्हणायचं किंवा दुसरीकडे बघायचं. "आणि एकदा नाही आलं, की विषय संपला. पुन्हा विचारायचं नाही. मन बदललं तर तिने स्वतः बघायचं."

पांढरीपांडे काकूंनी हात वर केला. "एकदाच विचारायचं?"

"एकदाच."

"आणि समजा आपल्याला नाचायचं आहे, पण..."

"मग हो म्हणायचं, काकू."

"पहिल्याच झटक्यात? बरं दिसतं का ते?"

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या, की बरं दिसत नाही. सर हसले. त्यांना वाटलं काकू गंमत करताहेत. इतकी वर्षं बाहेर राहिलं की माणूस आपली माणसं विसरतो, ते असं.

बेसा

बेसा हा मनीषनगरच्याही पलीकडचा देश. काल तिथे तूर होती, आज बारा मजले आहेत. बिल्डिंगांची नावं सगळी इटलीची आणि पाणी टँकरचं. पांढरीपांडे ज्या सोसायटीत राहतात तिच्या गेटवर दोन पांढरे सिंह आहेत, त्यातल्या एकाच्या डोक्यावर वॉचमनचा डबा ठेवलेला होता. मिलोंगा तिथल्याच क्लब हाऊसमध्ये, भर दुपारी चारला, कारण सातनंतर तो हॉल एका बारशाला दिलेला होता.

आई बरोबर आली. "मी येऊन राहिली," एवढंच म्हणाली, विचारलं नाही. नारिंगी काठाची साडी, केसांत गजरा आणि हातात सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा, कारण परक्याच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत, मग ते अर्जेंटिना का असेना. वाटेत मेट्रोत मला म्हणाली, "उद्या सकाळी फोन करतो मी ताईले." बोलून उपयोग नव्हता. माझ्याकडे ती एक संध्याकाळ होती आणि मला त्यात तो एक नाच हवा होता.

आदित्य सर पुण्याचे, हे ओळखायला वेळ लागला नाही. काळा शर्ट, नाचाचे बूट वेगळ्या पिशवीत, आणि पांढरीपांडे काकूंनी पाण्याचा ग्लास पुढे केला तर म्हणाले, "अर्धाच द्या, उरेल." आमच्याकडे पाहुण्याच्या घशाखाली पाण्याचा अख्खा जग गेला नाही तर घरच्या बाईला झोप येत नाही.

गाणी सुरू झाली. बायका एका बाजूला खुर्च्यांवर, पुरुष समोर. आदित्य सर उभे राहिले आणि त्यांनी हॉलवरून नजर फिरवली. पहिल्यांदा थांबली ती माझ्यावर.

दिवाळीपासून मी ज्याची वाट बघत होते ते माझ्यासमोर उभं होतं. त्यांनी हळूच मान हलवली. आणि मी काय केलं? मी हसले, छातीवर हात ठेवला, आणि मान आडवी हलवून म्हणाले, "नको नको, राहू द्या."

विचार करून नाही हो. तो आवाज आतून आपोआप आला, जसा समोर लाडू आल्यावर येतो. आणि मी छान सरळ बसून दुसऱ्या नजरेची वाट बघायला लागले. ती आलीच नाही. त्यांनी अगदी सभ्यपणे मान झुकवली आणि पुढे बघितलं.

पुढे पांढरीपांडे काकू. "इश्श, नको! गुडघे कुठे चालतात माझे!" त्यापुढे मनीषनगरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई. "नको, आधी बाकीच्यांना घ्या ना." त्यापुढची तर नुसती पदर तोंडावर धरून हसली. अशी ती नजर अख्ख्या रांगेवरून गेली आणि प्रत्येकीने एकदा नको म्हटलं, शिकवल्याप्रमाणे, अदबीने. मग सगळ्याजणी साड्या सारख्या करून बसल्या, दुसऱ्यांदा विचारतील म्हणून. आणि तो पुण्याचा गुरू, दोन हजार मैलांवरून लोक ज्याच्याकडे शिकायला येतात असं रोहित सर सांगायचे, तो खुर्चीवर जाऊन बसला आणि बुटाच्या नाड्या बघत राहिला. त्याला वाटलं असेल, या गावाला आपण आवडलो नाही.

गाण्यामागून गाणी गेली. मध्ये मोकळी फरशी, तिच्यावर एकटा मयूर डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याला पावलं दाखवत होता. रोहित सर घामाघूम. ते आमच्या रांगेपुढून हळू आवाजात म्हणत गेले, "नको म्हणू नका ना! हवं असेल तर हो म्हणा!" त्यावर काकू म्हणाल्या, "आम्ही कुठे नाही म्हणतोय, त्यांनीच पुन्हा विचारलं नाही."

"कसे लोक असतात ना पुण्याचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धड आग्रह पण करत नाहीत."

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

मग खाण्याची सुटी झाली. काकूंनी होळीच्या आधीच पुरणपोळ्या केल्या होत्या. आदित्य सरांच्या ताटात त्यांनी एक पोळी टाकली. सर म्हणाले, "बास, आता नको." काकूंनी दुसरी टाकली. सर म्हणाले, "अहो खरंच नको, मला नाचायचं आहे." तिसरी. वर तुपाची वाटी उपडी. सर जरा मोठ्याने म्हणाले, "मी नको म्हटलं होतं!"

"हो, ऐकलं मी," काकू प्रेमाने म्हणाल्या. "संपवा हळूहळू."

एकाच हॉलमध्ये अर्ध्या तासात दोन्ही बाजूंनी हे झालं. त्या माणसाने आमचा एक नको खरा मानला आणि आम्ही त्याचे तीन नको पोळीखाली दाबले. मला हसू यायला हवं होतं. मला उद्या सकाळचा फोन आठवला, आणि मी ताट बाजूला ठेवलं.

इतका वेळ आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सगळं बघत होती. तिने मला विचारलं, "काहून वं, हे सारे बसून काहून राहिले? आणि तू? एवढ्या लांबून बसाले आली का?"

मी झालं ते सांगितलं. आई उठली. मी पदर धरेपर्यंत ती सरळ हॉलच्या मधोमध चालत आदित्य सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, राग नका मानू. तुम्ही आमच्या पोरीले विचारलं नं मघाशी?"

सर ताट सांभाळत उठून उभे राहिले. "हो काकू. त्या नाही म्हणाल्या."

"हौ, ते तर म्हणनच. पहिल्या बारीले कोणीबी नाहीच म्हणते. मंग तुम्ही पुन्हा काहून नाही विचारलं?"

"आमच्यात पुन्हा विचारत नाहीत."

"काहून?"

"नाही म्हणाल्या म्हणून," सर म्हणाले.

आईला हे समजेना. ती त्यांच्याकडे बघत राहिली. "पण तिच्या मनात हो असलं तर?"

"ते मला कसं कळणार, काकू? त्या जे सांगतील ते मी खरं धरणार. मी ते खोटं धरून पुन्हा पुन्हा विचारत बसलो, तर ज्यांना खरंच नको आहे त्यांनी काय करायचं?"

त्यांनी हे काही फार मोठं सांगतोय अशा आवाजात म्हटलं नाही. त्यांचं अर्धं लक्ष तिसऱ्या पोळीकडे होतं. पण आईने 'खरंच नको' एवढे दोन शब्द हळूच स्वतःशी म्हणून पाहिले. मग सर म्हणाले, "त्यांना नाचायचं असेल तर त्यांनी माझ्याकडे बघावं. तेवढं चालतं आमच्यात." आई परत आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तुले पायजे असन तर पाह्य म्हणे."

गाणं लागलं. पाह्य म्हणणं सोपं आहे. कामठीच्या मुलीला परक्या माणसाकडे टक लावून बघायचं, तेही आई शेजारी बसलेली असताना, हे मयूरबरोबर चार महिने चालण्यापेक्षा कठीण आहे. नजर वर केली की ती आपोआप पंख्यावर जायची. शेवटी मी खुर्ची घट्ट धरली आणि बघितलं. त्यांनी मान हलवली. मी एवढ्या जोरात हलवली की केसांतली क्लिप खाली पडली.

आता लोकांना वाटेल की मी वर्णन करीन, पाय जमिनीवर नव्हते वगैरे. पाय जमिनीवरच होते. आणि आमच्या दोघांमध्ये तीन पुरणपोळ्या होत्या. सरांना तूप बाधत होतं, त्यांचा श्वास पुरत नव्हता, आणि पहिल्याच वळणावर त्यांनी ढेकर दाबली ती मला बरगडीत जाणवली. मी हसले, ते "सॉरी" म्हणाले, आणि चाललो.

मग ते थांबले. व्हायोलिन चालू, आम्ही उभे. मी पाय हलवला नाही. मुद्दाम नाही हलवला. मला बघायचं होतं हा माणूस किती थांबतो. तो थांबला. आणखी थांबला. मी मनात म्हटलं, आता मी जाणार, आणि मग गेले, आणि तो माझ्याबरोबर आला. मला इतका आनंद झाला की मी तो उगीच कमी करून सांगणार नाही. दुसऱ्या वेळी मी एवढा वेळ घेतला की मागून पांढरीपांडे काका-काकू येऊन धडकले. "अगं चला की पुढे!" काकू म्हणाल्या. सर म्हणाले, "जाऊ द्या त्यांना," आणि तिथेच उभे राहिले.

त्यानंतर रांगेतल्या सगळ्या बायका आदित्य सरांकडे अशा डोळे फाडून बघायला लागल्या की बिचाऱ्याला सातपर्यंत बसता आलं नाही. बारशाची मंडळी पाळणा घेऊन आली तेव्हाच त्यांची सुटका झाली. जाताना काकूंनी त्यांना डब्यात पोळ्या बांधून दिल्या. त्यांनी नको म्हटलं नाही. माणूस हुशार होता.

परत येताना मेट्रोत आई कस्तुरचंद पार्कपर्यंत रिकामा डबा मांडीवर धरून बसली होती. मग म्हणाली, "मधी तो पोट्टा उभा राहिला होता. विसरला होता का?"

"नाही. थांबला होता."

"कायले?"

"मी पाय उचलेपर्यंत."

आई "हं" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

पुन्हा कामठी

सोमवारी सकाळी उठले तर शेजारच्या लूमची खटखट सुरू झालेली आणि स्वयंपाकघरातून गोळाभाताचा वास. मनात काही जड असलं की आई गोळाभात करते. बाबांनी वास घेतला आणि पेपर घेऊन अंगणात निघून गेले.

मी ताटावर बसले. फोन ओट्यावर होता. आई माझ्याकडे पाठ करून फोडणीचं तेल तापवत होती.

"स्नेहल."

"हं."

"ते यवतमाळच्या पोराचं. तू नको म्हणली होती." ती वळली. "जेवणातलं नको होतं, का खरं?"

दिवाळीपासून कोणी हे विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "खरं."

ती थांबली. मी आणखी काही म्हणते का ते बघत असावी. तिने गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि फोन लावला.

मावशीचा आवाज लूमच्या वरून येत होता. प्लॉटपर्यंत पोचायला तिला फार वेळ लागला नाही. आई ऐकत होती, "हौ ताई, हौ," करत. मग म्हणाली, "पण पोट्टी नाही म्हणते. नाही, विचारलं मी. एकदा विचारलं... नाही, पुन्हा नाही विचारत." पलीकडून बराच वेळ काहीतरी आलं. आई फोन कानापासून जरा लांब धरून उभी राहिली, आणि शेवटी म्हणाली, "काहून म्हणजे? नाही म्हणली म्हणून."

फोन ठेवला. मी रडले. आईने बघितलं आणि माझ्या ताटात भात वाढला, त्यावर डाळीच्या पिठाचे दोन गोळे, त्यावर गरम तेल. मी तो संपवला. काल संध्याकाळपासून मी धड काही खाल्लं नव्हतं, मला भयंकर भूक लागली होती.

आई पातेलं घेऊन आली. "आणखी वाढू?"

"नको," मी म्हणाले.

आईने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ते परत ओट्यावर नेलं.